विधान, विधानार्थी, विध्यर्थी: एकाच घरातले शब्द, मग अर्थ इतके लांब कसे गेले?

शेवंती
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकते. भाचीला व्याकरण शिकवत होते, वाक्याचे प्रकार. ती म्हणाली मावशी, विधानार्थी आणि विध्यर्थी यात फरक काय, मला दोन्ही सारखेच वाटतात. मी नेहमीचं सांगितलं, की विधानार्थी म्हणजे नुसतं सांगणं, "पाऊस पडतो आहे", आणि विध्यर्थी म्हणजे क्रियापदाला आवा-आवी-आवे लागतं ते, "मुलांनी रोज वाचावे". तर ती म्हणते पण दोन्हीकडे सुरुवातीला "विधी"सारखंच काहीतरी आहे ना, मग एकात नुसतं सांगतोय आणि दुसऱ्यात असं करायला पाहिजे म्हणतोय, हे कसं? मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर "तो आतापर्यंत घरी पोचला असावा" हे वाक्य आलं. तिने विध्यर्थी लिहिलं, उत्तरांच्या यादीत विधानार्थी होतं. मला दोन्ही बरोबर वाटतात. आणि मग लक्षात आलं की विधान हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो, विधानसभा, वादग्रस्त विधान, पेपरातलं "खालील विधाने चूक की बरोबर ते लिहा". हा सगळीकडे एकच शब्द आहे का? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

अजून_एक_अटेम्प्ट
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय म्हणून हे पाठ आहे, सांगतो. तुमच्या भाचीचं उत्तर चूक नाही, प्रश्नच अर्धवट आहे. वाक्यांच्या दोन वेगवेगळ्या वाटण्या आहेत. एक वाटणी वाक्य काय करतंय यावरून, म्हणजे विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी. दुसरी क्रियापदाच्या रूपावरून, म्हणजे स्वार्थी (क्रियापद साध्या काळातलं, "करतो, करेल"), आज्ञार्थी, विध्यर्थी, संकेतार्थी (अटीचं, "केलं असतं"). एकच वाक्य दोन्ही वाटण्यांत बसतं. "तो घरी पोचला असावा" पहिल्या वाटणीत विधानार्थी आणि दुसऱ्या वाटणीत विध्यर्थी. प्रश्नात "क्रियापदाच्या रूपावरून" हे शब्द असतील तर उत्तर बदलतं, म्हणून प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा.

गोंधळ वाढतो कारण शाळेत बऱ्याचदा विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी आणि आज्ञार्थी असे चार एका दमात शिकवतात, म्हणजे तीन पहिल्या वाटणीतले आणि चौथा दुसरीतला उचलून आणलेला. आणि होकारार्थी-नकारार्थी ही अजून तिसरी वाटणी. "तो येणार नाही" हे नकारार्थी आहे म्हणून विधानार्थी नाही असं खूप जणांना वाटतं पण ते दोन्ही आहे, "नाही" म्हणणं हेही सांगणंच झालं.

पदच्छेद
शेवंतीताई, भाचीचा पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तिचा कान अगदी बरोबर आहे. दोन्ही शब्द एकाच धातूचे. "धा" म्हणजे ठेवणे. त्याला वि लागला की विशेष रीतीने ठेवणे, लावून देणे, नेमून देणे. त्यापासून विधी, विधान, विधेय, विहित, विधायक, विधाता सगळे निघाले. (निधान, परिधान, अवधान, व्यवधान, समाधान हेही धा चेच, फक्त उपसर्ग वेगळे. "विहित" मध्ये धा दिसत नाही कारण तिथे त्याचा "हि" होतो.)

संस्कृतात विधान म्हणजे मुळात नियम घालून देणं, योजना करणं. आणि मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, तर विधी हा सगळ्यात वरचा, "स्वर्गकामो यजेत", म्हणजे स्वर्गाची इच्छा असलेल्याने यज्ञ करावा, हे विधिवाक्य. काय करायचं ते सांगतं. याउलट जे वाक्य नुसतं वर्णन करतं, स्तुती करतं, अमुक असं आहे म्हणतं, त्याला अर्थवाद म्हणतात. गंमत बघा, आज आपण मराठीत ज्याला विधान म्हणू, म्हणजे नुसतं "आहे" असं सांगणं, ते मीमांसकांच्या हिशोबाने विधीच्या पलीकडच्या बाजूला पडतं. म्हणजे मराठी व्याकरणात "विध्यर्थ" या शब्दाने जुना अर्थ धरून ठेवला आणि "विधान" हा शब्द दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, आणि आता दोघे एकाच धड्यात समोरासमोर येतात. भाचीला हे जाणवलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

शेवंती
वा! हे तिला आजच सांगते. पण मग "नेमून देणं" पासून "नुसतं सांगणं" इथपर्यंत कसा आला हा शब्द? मधे काहीतरी पायरी असेल ना?

पदच्छेद
मधली पायरी मला "विधेय" मध्ये दिसते. संस्कृत टीकाकार वाक्याचे दोन भाग करतात, अनुवाद्य आणि विधेय. अनुवाद्य म्हणजे जे ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे, जे फक्त पुन्हा म्हणायचं आहे (अनुवाद म्हणजे मुळात मागाहून पुन्हा म्हणणं, भाषांतर हा अर्थ नंतरचा). आणि विधेय म्हणजे त्या माहीत गोष्टीबद्दल जे नवीन लावून द्यायचं आहे. त्यांचा एक दंडकच आहे, "अनुवाद्यमनुक्त्वैव न विधेयमुदीरयेत्", माहीत असलेलं सांगितल्याशिवाय नवीन बोलू नये. विधेयाला वाक्यात नीट जागा दिली नाही तर काव्यशास्त्रात तो दोष धरतात, काव्यशास्त्रकार मम्मटाच्या यादीत आहे तो, अविमृष्टविधेयांश नावाने.

आता "ही नदी खोल आहे" घ्या. "ही नदी" समोर आहे, माहीत आहे. "खोल आहे" हे मी तिच्यावर ठेवलं, वि+धा केलं. एखाद्यावर काम नेमून देणं आणि एखाद्या वस्तूवर गुण नेमून देणं, क्रिया तीच. इथून विधान म्हणजे "उद्देश्याबद्दल (वाक्य ज्याच्याविषयी आहे त्याबद्दल) काहीतरी ठेवणं" इथवर पोचायला फार चालावं लागत नाही. हे शेवटचं माझं वाचन आहे पण मला ते पटतं.

अनुस्वार
छान चाललीय चर्चा. एक शुद्धलेखनाचं मधेच टाकतो कारण दिसलं की राहवत नाही. वाक्यातलं ते उद्देश्य, आणि हेतू या अर्थी उद्देश. "माझा उद्देश्य असा होता" हे हिंदीतून आलंय, मराठीत "माझा उद्देश". आणि एकटा शब्द विधी दीर्घ पण समासात ऱ्हस्व, विधिमंडळ, विधिज्ञ, विधिनिषेध. "विधीमंडळ" इतकं सर्रास दिसतं की बरोबर लिहिलेलंच चूक वाटायला लागलंय. विध्यर्थ म्हणजे विधि + अर्थ, इ चा य झाला.

कलम_पोटकलम
मी कायद्याच्या मजकुराची भाषांतरं करते, त्यामुळे हा शब्द रोज हातात असतो. विधानसभा आणि विधान परिषद यातला विधान म्हणजे सांगणं नव्हेच, तो जुना अर्थ, कायदा घालून देणं. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य आहेत ते विधान करतात म्हणजे कायदे करतात. (ते तिथे भाषणं करतात म्हणून विधानसभा असं कोणीतरी मला सांगितलं होतं, ते बरोबर नाही.) संविधान मधेही तोच.

पदच्छेद यांनी विधेय सांगितलं त्यावरून मला कामातलं एक जुळलं. सभागृहात मांडतात ते "विधेयक". विधेय म्हणजे ज्याचं विधान अजून व्हायचंय ते. म्हणून मसुदा असेपर्यंत विधेयक, दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राज्यपालांची सही झाली की तो अधिनियम. व्याकरणात उद्देश्याबद्दल जे सांगायचंय ते विधेय आणि विधिमंडळात जे कायदा म्हणून घालून द्यायचंय ते विधेयक, इतकी वर्षं दोन्ही शब्द वापरतेय पण शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते.

आणि आता तुमच्या विधानार्थी-विध्यर्थी साठी खरी अडचण सांगते. कायद्यात आपण "दंड भरावा" असं क्वचित लिहितो. आपण लिहितो "तो दंडास पात्र असेल", "अध्यक्ष सभा बोलावील". क्रियापद साधं भविष्यकाळी, म्हणजे रूपाने स्वार्थ, वाक्य दिसायला विधानार्थी, पण अर्थाने ती सक्ती आहे, पक्का विधी. कोणी म्हणेल अध्यक्ष सभा बोलावील ही बातमी आहे, तर नाही, त्याला बोलवावीच लागेल. नवीन लोकांना हे शिकवताना फार वेळ जातो.

डेस्कवरून
बातम्यांच्या डेस्कवर काम करतो. आमच्याकडे विधान हा शब्द दिवसाला कितीतरी वेळा येतो आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी "वादग्रस्त" असतं. इतकं की नुसतं "अमुक यांचं विधान" असं हेडिंग दिलं तरी वाचणाऱ्याला काहीतरी आक्षेपार्ह बोलले असतील असंच वाटतं. शब्दाची ही अवस्था मला खरंच खटकते, कारण विधान म्हणजे तपासता येईल असं, खरं की खोटं ठरवता येईल असं बोलणं, ते चांगलं असतं.

आम्ही आपसात एक फरक पाळायचा प्रयत्न करतो. विधान म्हणजे बोलण्यातलं एक नेमकं वाक्य, ज्यावर बोट ठेवता येतं. वक्तव्य म्हणजे एकूण बोलणं. निवेदन म्हणजे लेखी आणि अधिकृत, किंवा मागण्या लिहून अधिकाऱ्याला देतात ते. पोलिसांपुढे देतात तो जबाब. कोर्टातली साक्ष. मत म्हणजे मत, त्याला विधान म्हणायचं नाही. इंग्रजीतलं स्टेटमेंट या सगळ्यांना पुरतं त्यामुळे भाषांतरात सगळीकडे विधान पडतं, मग "पोलिसांनी त्याचे विधान नोंदवले" अशी वाक्यं येतात. तिथे जबाबच हवा.

खडूफळा
गणित शिकवतो. आमच्याकडे विधानाची व्याख्या सगळ्यात कडक आहे. जे वाक्य एकतर सत्य किंवा असत्य असतं, दोन्ही एकदम नसतं, तेच विधान. मग "दोन ही मूळ संख्या आहे" विधान, सत्य. "सात ही सम संख्या आहे" हेही विधान, असत्य असलं तरी विधानच, ही गोष्ट मुलांना पटायला वेळ लागतो, त्यांना खोटं म्हणजे विधानच नाही असं वाटतं. "दार लाव", "किती वाजले?", "काय सुंदर आकाश!" ही विधानं नाहीत. आणि "क्ष + ३ = ७" हेही नाही, जोवर क्ष काय ते सांगितलं नाही तोवर खरं-खोटं ठरत नाही. क्ष ला ४ दिलं की लगेच विधान झालं.

म्हणजे व्याकरणाचं विधानार्थी वाक्य आणि तर्कशास्त्राचं विधान एकच नाही. "तो उंच आहे" व्याकरणात चोख विधानार्थी. मी विचारणार तो म्हणजे कोण आणि उंच म्हणजे किती. आणि "हे वाक्य खोटं आहे" घ्या. व्याकरणाला काहीच त्रास नाही, उद्देश्य आहे, विधेय आहे, शेवटी पूर्णविराम आहे. पण खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं ठरतं. सर्व क्रीटवासी खोटारडे असतात असं क्रीटच्याच एपिमेनिडीसने म्हटल्याची गोष्ट सांगतात, तिच्याच जातीचं हे. आमच्या व्याख्येने हे विधानच नाही. रूप विधानाचं आणि आत विधान नाही.

अजून_एक_अटेम्प्ट
याच्या उलटही असतं की सर. रूप प्रश्नाचं आणि आत विधान. "आईची माया कोणाला नको असते?" याचं विधानार्थी करा म्हणून नेहमी येतं, उत्तर "आईची माया सर्वांना हवी असते". "किती गोड आवाज आहे हा!" चं "हा आवाज खूप गोड आहे". यात एक चूक सगळे करतात, प्रश्नार्थीचं विधानार्थी करताना होकार-नकार उलटतो. "कोणाला नको" चं "सर्वांना हवी". ते न उलटता नुसतं प्रश्नचिन्ह काढलं की मार्क गेले. उद्गारार्थीत उलटत नाही, फक्त "किती, काय" च्या जागी "खूप, फार" येतं.

दोन_तीर
उशिरा आले धाग्यावर. रूप आणि काम यांची ही फारकत जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने फार बारकाईने मांडली आहे, १९५५ साली हार्वर्डला दिलेली व्याख्यानं, पुस्तक १९६२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं. तो म्हणतो "मी वचन देतो", "मी राजीनामा देतो", "सभा तहकूब झाल्याचं मी जाहीर करतो" ही वाक्यं दिसतात विधानासारखी, पण ती खरी की खोटी असं विचारण्यात अर्थच नाही, कारण ती काही सांगत नाहीत, ती काहीतरी करतात. अध्यक्ष तसं म्हणाले म्हणूनच सभा तहकूब झाली.

मला यात वर पदच्छेद यांनी सांगितलेला धा आठवला. घालून देणे, नेमणे, करणे. ऑस्टिनची ही वाक्यं जुन्या अर्थाने "विधान" आहेत आणि नव्या अर्थाने नाहीत! सभा तहकूब करणारं वाक्य हे वि+धा चं अगदी शुद्ध उदाहरण.

शेवंती
तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, खूप बरं वाटलं. मी सगळं वहीत उतरवतेय. पण मला अजून भाचीला ओळखायची सोपी खूण द्यायचीय. आवा-आवे आलं की विध्यर्थ हे ठीक, पण त्यातला "करायला पाहिजे" वाला कुठला आणि "बहुतेक असेल" वाला कुठला हे तिला कसं सांगू? पोचला असावा यात कर्तव्य काहीच नाहीये.

अनुस्वार
नकार करून बघायला सांगा. मराठीत प्रत्येक अर्थाला आपापला नकार आहे, ही आपल्या भाषेची मला फार आवडणारी गोष्ट.
करतो, याचा नकार करत नाही. हा स्वार्थ.
कर, याचा करू नको. आज्ञार्थ.
करावं, याचा करू नये. विध्यर्थ.
केलं असतं, याचा केलं नसतं. संकेतार्थ.
नाही, नको, नये, नसतं. चार अर्थ, चार नकार. आता "मुलांनी खोटं बोलावं" चा नकार "बोलू नये", पण "तो पोचला असावा" चा नकार "पोचला नसावा". इथे नये येतच नाही. म्हणजे नये आला तर कर्तव्य, उपदेश, इच्छा वगैरे, आणि नसावा आला तर तर्क.

दाराबाहेरच्या पाट्या बघा, "आत येऊ नका" आज्ञार्थ, "आत येऊ नये" विध्यर्थ, "प्रवेश बंद आहे" विधान. तिन्हींचं काम एकच.

पदच्छेद
नकाराची खूण फार सुंदर आहे. त्यात थोडी भर घालतो. पाणिनीने लिङ् (संस्कृतातलं विध्यर्थाचं क्रियापदरूप, "यजेत" सारखं) कुठे वापरायचा याचं सूत्र दिलंय (३.३.१६१), त्यात सहा अर्थ आहेत, विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न, प्रार्थना. आपलं आवा-आवे हे लिङ् पासून आलेलं नाही, ते "कर्तव्य" मधल्या तव्य पासून आलंय, म्हणूनच "त्याने करावं" असा कर्त्याला ने लागतो. पण कामं बघा, सहाच्या सहा आपल्या आवा ने उचलली.
"खरं बोलावं" हा विधी. "समारंभाला अवश्य यावे" हे निमंत्रण. "हवं तर इथे बसावं" हे आमंत्रण. "आपण माझ्या मुलाला शिकवावं" हे अधीष्ट, म्हणजे मान देऊन एखाद्याला काम सांगणं. "आता काय करावं?" हा संप्रश्न. "मला क्षमा करावी" ही प्रार्थना.
टीकाकार निमंत्रण आणि आमंत्रण यात फरक करतात, निमंत्रण म्हणजे जायलाच हवं असं बोलावणं, आमंत्रण म्हणजे आपल्या मर्जीवर सोडलेलं. आपण आज दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. आणि तर्काचं "असावा" या सहांत नाही, म्हणून त्याचा नकारही वेगळा असेल का, असा विचार आला.

तव्य वरून अजून एक. डेस्कवरून यांनी वक्तव्य लिहिलं ना, तोही तव्य चाच, वच् + तव्य, म्हणजे मुळात "बोलायला हवं असं". आपण "नुसतं सांगणं" या अर्थी जे दोन मुख्य शब्द वापरतो, विधान आणि वक्तव्य, त्या दोघांच्याही पोटात "पाहिजे" आहे.

डेस्कवरून
हे मला आज पहिल्यांदा कळलं. उद्या कॉपी तपासताना वक्तव्य दिसलं की आठवणार.

शेवंती
नकाराची खूण भाचीला दिली. अर्धा तास ती घरभर "करू नये, केला नसावा" करत होती आणि मग एक वाक्य घेऊन आली, "माणूस लोभी नसावा". म्हणाली मावशी यात नसावा आहे पण हा तर्क नाहीये, हा तर उपदेश आहे. आता सांगा!

अनुस्वार
पकडलं तिने. "असणे" हे क्रियापद आलं की माझी खूण चालत नाही, कारण असणे ला स्वतःचाच नकार आहे, नसणे, त्यामुळे उपदेशालाही नसावा येतो आणि तर्कालाही. "माणसाने लोभी असू नये" असं नये घेऊन केलं तर उपदेश नक्की होतो. पण "माणूस लोभी नसावा" उपदेश आणि "तो माणूस लोभी नसावा" तर्क, दोन्हीत क्रियापद अक्षरशः एकच आहे, फरक फक्त "तो" चा. कोणा एकाबद्दल बोललं की अंदाज, सगळ्यांबद्दल बोललं की उपदेश. तिला म्हणावं अजून अशी सापडली तर इथे टाक, मी वाट बघतोय.